रोस्कातलं बाळ

रुचाच्या दातांखाली काहीतरी टणक आलं आणि ती चावता चावता थांबली.

बदाम नव्हता, बदाम तुटला असता. खडा नव्हता, खडा कचकन लागला असता. तिने जिभेने ती वस्तू गालात सरकवली, खोकल्याचं निमित्त करून कागदी नॅपकिन तोंडाशी नेला आणि टेबलाच्या कडेखाली, मांडीवर तो उलगडून पाहिला. नखाएवढं, पांढरं, प्लास्टिकचं बाळ. अंगाला पावाचा चुरा चिकटलेला.

तिने चटकन नॅपकिन मिटला.

टेबलावर तो भलामोठा पाव होता, बांगडीसारखा मधे पोकळ, वर लाल-हिरव्या मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या. याला रोस्का म्हणतात, एवढं तिला कळलं होतं. शेजारच्या ओफेलियामावशींनी तो स्वतः मळून भाजला होता आणि आज, सहा जानेवारीच्या संध्याकाळी, रुचाला हाताला धरून आणून खुर्चीवर बसवलं होतं. समोर त्यांचा मुलगा रोहेलियो, मुलगी मार्टा आणि मार्टाची लहान लेक बसली होती. लेकीच्या पुढ्यात खेळण्यांचा पसारा होता. पीठ मळताना त्यातलंच एखादं आत पडलं असणार.

इथे येण्याआधी रुचा पुण्यात एका बेकरी कंपनीच्या प्रयोगशाळेत मायक्रोबायोलॉजिस्ट होती. एकदा बिस्किटाच्या पुड्यात रबराचा तुकडा निघाला तर अख्खी लाइन बंद पडली होती आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर रडला होता. आणि घरची शिकवण तर त्याहून जुनी. दुसऱ्याकडे जेवताना घासात केस आला, खडा आला, तर गुपचूप बाजूला काढायचा. जिने रांधलं तिच्या कानावर ते जाता कामा नये. तिने नॅपकिन स्वेटरच्या खिशात सरकवला आणि उरलेला तुकडा मन लावून खाल्ला.

तेवढ्यात रोहेलियोने दोन्ही हात वर करून रिकामे तळवे सगळ्यांना दाखवले. मग मार्टाने दाखवले. स्पॅनिशमध्ये एकमेकांवर काहीतरी आरोप चालले होते, मध्येच हशा पिकत होता. सगळे करतात म्हणून रुचानेही हसून तळवे पुढे केले. ओफेलियामावशींची नजर तिच्या हातांवर जरा जास्त वेळ थांबली.

"अगं, ते मुद्दाम घालतात आत!" घरी तिचा नवरा नकुल सोफ्यावर लोळून हसत होता. "आमच्या ऑफिसात पण कापतात ना दरवर्षी. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना टमाली खायला घालायची. ते मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवतात ना, ते."

"आणि सापडलेलं सांगितलंच नाही तर?"

"तर तो चिंगूस. आमच्या मॅनेजरने गेल्या वर्षी लपवलं, अजून टोमणे खातोय. यार रुचा, तू तर वर रिकामे हात दाखवून आलीस!"

"मला काय माहीत? मला वाटलं, त्यांची फजिती होईल."

"क्वालिटी कंट्रोलवाली बाई तू. सोड ना, उद्या जाऊन सॉरी म्हण." त्याचा फोन वाजला. "वन मिनिट हं," म्हणत तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लागलं.

रुचाने बाळ बेसिनमध्ये धुतलं, पुसलं आणि खिडकीत ठेवलं.

प्लेनो या परक्या शहरात येऊन तिला आठ महिने झाले होते. गाडी नकुल घेऊन जाई, आणि इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. मराठी मंडळातल्या बायका भेटत त्या गणपतीत, नंतर व्हॉट्सॲपवर. उरली ती ही भिंत. एकाच छपराखाली दोन घरं, मधे एक पातळ भिंत, आणि दुपारी त्या भिंतीपलीकडून येणारी कुकरची फसफस. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती हातातलं काम टाकून भिंतीशी उभी राहिली होती. पुढच्याच आठवड्यात मागच्या अंगणात, कुंपणावरून एक पिकल्या केसांचं डोकं वर आलं आणि त्याने तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली. एक, दोन, तीन. मग भुवया उंचावल्या : हे काय असतं तुझ्याकडे रोज? रुचाने कुकरच आणून दाखवला. मावशींनी आपला आणला. त्या दिवसानंतर कुंपणावरून वरण गेलं, काळ्या घेवड्याची उसळ आली. रुचा मांस खात नाही हे कळल्यावर मावशी उसळीबरोबर तेलाची बाटलीही वर धरून दाखवत, चरबी घातलेली नाही याचा पुरावा म्हणून.

रुचाला स्पॅनिश येत नव्हतं, मावशींना इंग्रजी मोडकंतोडकं. आजवर ते कधी अडलं नव्हतं. आता अडलं. 'मी लपवलं' हे सांगायला दोन शब्द पुरले असते. 'तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवलं' हे फोनमधल्या भाषांतरातून तिने तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा ते खोटं बोलणाऱ्या माणसाने तयार केलेल्या वाक्यासारखं वाटलं.

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी जाणं जास्त अवघड झालं. मागच्या अंगणात मावशींची चाहूल लागली की ती दिव्याचं बटण बंद करी. घरात आहोत हे कळू नये म्हणून तिने कुकर लावायचंही सोडलं. भात उघड्या पातेल्यात होऊ लागला, डाळ तासन्‌तास रटरटत राहू लागली. पलीकडची फसफस मात्र रोज वेळेवर यायची. एकदा ती थांबल्यावर काही वेळाने भिंतीवर हलकी टकटक झाली. रुचा पळी हातात धरून तशीच उभी राहिली. टकटक पुन्हा झाली नाही.

"तू बोललीस का त्यांच्याशी?" नकुलने एकदा जेवताना विचारलं.

"हो, बोलले."

"बघ, काही नसतं," तो म्हणाला आणि त्याने भात पुढे ओढला. "आज भात जरा चिकट झालाय का?"

जानेवारी संपत आला तेव्हा तिने त्याला रविवारी मेक्सिकन दुकानात न्यायला सांगितलं. मक्याची वाळलेली सालं, मक्याचं पीठ, भोपळा, मिरच्या. आई नागपंचमीला पानात वाफवून पातोळ्या करायची. पान तेवढं हळदीचं, हात तोच. चरबीऐवजी तिने तेल घेतलं आणि पीठ फेटत बसली. व्हिडिओतली बाई म्हणत होती, पिठाची गोळी पाण्यात टाका, तरंगली तर झालं. रुचाने टाकली. बुडाली. पुन्हा फेटलं, हवा आत कोंडत गेली, दंड भरून आले. पुन्हा टाकली, तळाशी गेली, थबकली आणि सावकाश वर आली. कितीतरी दिवसांनी तिला प्रयोगशाळेतल्यासारखं वाटलं, आणि हे कुणाला सांगावं म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

दोन फेब्रुवारी सोमवारी आली. नकुल सकाळीच गेला होता. रुचाने डबा फडक्यात बांधला. रोहेलियो, मार्टा, मार्टाची लेक, सगळ्यांना पुरेल एवढं होतं. सगळ्यांसमोर बाळ टेबलावर ठेवायचं, 'पेर्दोन', म्हणजे माफ करा, म्हणायचं, डबा द्यायचा आणि परत यायचं. बसायचं नाही. ते हसले तर हसू द्यायचं. आपल्याला पुन्हा बोलावलं नाही तर तेही बरोबरच आहे, असं तिने दाराबाहेर उभं राहून स्वतःला बजावलं आणि बेल दाबली.

दार लगेच उघडलं. ओफेलियामावशींनी ठेवणीतला निळा झगा घातला होता, कानात डूल होते. त्यांच्या मागे घर शांत होतं.

आत एका छोट्या खुर्चीवर बाळ येशूची मूर्ती नवे कपडे घालून बसवली होती, शेजारी मेणबत्ती. बाकीच्या खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या.

"रोहेलियो?" रुचाने विचारलं.

"वर्क."

"मार्टा?"

"वर्क." मावशींनी खांदे उडवले. "ऑल्वेज वर्क."

शेगडीवर एकच छोटं पातेलं होतं. वाफवायचं भांडं नाही, मक्याच्या सालींचा वास नाही. या घरात आज कुणी टमाली केलीच नव्हती.

रुचाने डबा ठेवला, खिशातून बाळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. "पेर्दोन," ती म्हणाली. पुढचं पाठ केलेलं सगळं विसरून मराठीतच म्हणाली, "मावशी, मला माहीत नव्हतं हो."

मावशींना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी खिडकीतला एक कान तुटलेला पेला आणून तिच्यापुढे कलंडवला. आतून बाळं घरंगळली. तशीच नखाएवढी; काही पिवळी पडलेली, जुनी. मावशी एकेक उचलून दाखवू लागल्या. हे सोफ्याच्या उशीखाली. हे कोरफडीच्या कुंडीत, बोटाने माती उकरल्याची खूण. हे साखरेच्या भांड्यात. मग त्यांनी सगळ्यात पांढरी दोन बाजूला काढली.

"धिस इयर, थ्री," त्या म्हणाल्या. "टू, माय हाउस. रोहेलियो. मार्टा." त्यांनी ती दोन्ही पेल्यात परत टाकली. मग रुचाने आणलेल्या बाळाकडे बोट केलं, बोट तसंच भिंतीकडे नेलं आणि ओठांचा चंबू करून हळूच शिट्टी वाजवली. एकच. भुवया उंचावल्या.

रुचाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे धूसर झालं. तिने मान हलवली. उद्या लावीन, असं हाताने दाखवलं.

मावशींनी एक टमाली उलगडली, वास घेतला, बोटाने दाबून पाहिली आणि बशीत वाढली. रुचाने आणलेलं बाळ त्यांनी पेल्यात टाकलं नाही. मिठाच्या बरणीला टेकून उभं केलं.

रुचा खुर्ची ओढून बसली. तेव्हा तिचं लक्ष गेलं. टेबलावर दोन कप होते, मक्याच्या पिठाची दाट, गोड पेज भरलेले. एक मावशींच्या पुढे, अर्धा झालेला. दुसरा तिच्यापुढे, काठोकाठ.

तिने कपाला हात लावला. तो थंड होता, आणि वर जाड साय धरली होती.

तिने चमच्याने साय बाजूला केली आणि पेज प्यायली.