फोटोमागचा पंप

महेंद्रचं लग्न जुळलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण अजून काहीच जुळलेलं नव्हतं. मुलीकडचे पाहुणे तिरोडीहून आत्ताच बालाघाटात उतरले होते आणि महेंद्रचा दमा घरच्यांनी लपवून ठेवला होता.

दमा लपवायचा म्हणजे औषध ओढायचा पंप लपवायचा. गीताआत्यानं तो बुद्धाच्या फोटोमागं सरकवला. तिथं कोण हात घालतंय? मग वंदनेची वेळ झाली आणि पाहुण्यांच्या मानाखातर तिनंच त्या फोटोपुढं अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला.

पंचशीलातल्या दुसऱ्या शीलालाच महेंद्रच्या छातीत शिट्टी वाजली. औषध धुराच्या पलीकडे. तो श्वास रोखून, डोळे मिटून पुढं झाला आणि फोटोला दोन्ही हातांनी कवटाळून मागं चाचपू लागला.

"पोरगा लय श्रद्धाळू हाय," मुलीचे वडील चैतराम गहिवरले.

तेवढ्यात श्रद्धाळू पोरगा असा खोकला की मेणबत्ती विझली. पंप सापडला, सगळ्यांदेखत ओढावा लागला.

"टी.बी. होय का?" चैतरामचा गहिवर संपला होता.

"नाही काकाजी, दमा. श्वासनळीत मज्जातंतूंची टोकं असतात, पहारेकऱ्यावानी. तुमच्याबी हायेत. धूर आला का मेंदूले खबर देतात, मेंदू म्हणते, आवळा नळी! तुमच्या मज्जातंतूले 'बस झालं' म्हणणारा ब्रेक असते. माहा ब्रेक सैल, अन् पहारेकरी घाबरट. अगरबत्ती लागली तरी त्यायले वाटते, जंगल पेटलं."

"अन् काय काय झालं का बोंबलतात?" मुलीनं, मंजुषानं, पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"थंडी, फोडणी... हासलं तरी."

"हासलं तरी?" ती फिसकन हसली. तिला बघून महेंद्र हसला, हसला म्हणून खोकला, खोकला म्हणून ती आणखी हसली.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "जीव चालला तरी हासून राह्यला. असा दुसरा कुठं भेटन?"

चैतरामनी पोरीकडं पाहिलं. "पहिले थो पुडा बाहेर फेका. मंग पेढे आणा."

तारीख निघाली तसे महेंद्रला फटाके, धूळ आणि डीजेचा धूर दिसू लागले. त्यानं छातीवर हात ठेवून, गंभीर चेहऱ्यानं अर्ज सादर केला:

"प्रति, मेंदू, श्वसन विभाग. सविनय विनंती की, विवाहाच्या दिवशी नळी आवळण्याचे सर्व आदेश स्थगित करून पहारेकऱ्यांना पगारी रजा मंजूर करावी व सहकुटुंब जेवायला पाठवावे."