दुपारचा घोळ

नाबेल शहरातल्या आमच्या कारखान्यात वॉशबेसिनं बनतात. पातळ मातीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतायचा, बेसिन सुटलं की वाळवायचं, मग भट्टीत घालायचं. गरम हवेच्या खोलीत वाळायला दोन दिवस जायचे. मालक सी तिजानी, म्हणजे तिजानीसाहेब, यांना तेवढा धीर नव्हता, म्हणून त्यांनी मायक्रोवेव्हचा बोगदा आणला. पट्ट्यावर ओलं बेसिन ठेवलं की काही तासांत पलीकडून कोरडं बाहेर.

बोगदा किती ताकदीवर चालवायचा, तो तक्ता माझा. ओली माती या लहरी किती शोषते, त्या आत किती खोल जातात, हे प्रत्येक मातीचं वेगळं असतं. त्यालाच डायइलेक्ट्रिक गुणधर्म म्हणतात. मी प्रयोगशाळेत तीन महिने तेवढंच मोजत बसले होते. सबंध मे महिन्यात एकही बेसिन तडकलं नाही. सी तिजानी पाहुण्यांना बोगदा दाखवायला आणायचे आणि म्हणायचे, "ही आमची दलेंदा. हिचा तक्ता म्हणजे दगडावरची रेघ."

जूनमध्ये बेसिनं तडकू लागली. आधी दिवसाला चार-पाच, मग पंचवीस-तीस. भेग नेहमी काठापाशी सुरू व्हायची आणि आत उतरायची. मी ताकद तपासली, पट्ट्याचा वेग तपासला, दारं तपासली. सगळं जागच्या जागी. मातीची नवी गोणी फोडून परत मोजली. आकडे तेच, तंतोतंत. रोज सकाळी सी तिजानी विचारायचे, "काय झालं?" रोज मी म्हणायचे, "बघतेय." हा शब्द तोंडातून काढायचीही मला चीड येऊ लागली.

मग लक्षात आलं की तडकतात ती सगळी दुपारच्या पाळीची. सकाळची एकूण एक धड. दुपारच्या पाळीवर ओतकामाला अम्म लामीन, म्हणजे लामीनकाका, होते. एकोणीस वर्षं तेच काम. मी त्यांच्यापाशी गेले.

"अम्म लामीन, दुपारी तुम्ही साचे लवकर उघडता का?"

"उलट उशिरा उघडतो. दुपारचा घोळ जड येतो, पोरी. सुटतच नाही लवकर."

"घोळ तोच आहे. माती तीच, प्रमाण तेच."

"तुझ्या कागदावर असेल. माझ्या हाताला तो वेगळा लागतो."

"हाताला लागण्यावर बोगदा चालत नाही," मी म्हणाले. घाम, धूळ, सकाळचं ते "काय झालं?" सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. दोन-तीन ओतकामवाले ऐकत होते. एकजण हसला.

 अम्म लामीननी हात पुसले आणि पुढचा साचा भरायला घेतला.

त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला. दोष यंत्राचा नाही, मातीचा नाही. दुपारच्या पाळीच्या हाताळणीचा असावा. 'असावा' लिहिलं होतं, पण सी तिजानींनी तो शब्द वाचला नसणार. दोन दिवसांत अम्म लामीन मागच्या आवारात फुटका माल वेगळा करायच्या कामावर गेले आणि त्यांच्या जागी मालकांचा भाचा विसाम आला.

विसामच्या पहिल्या दुपारी एकतीस बेसिनं तडकली.

मी बोगद्यापाशी खुर्ची टाकून बसले. भूक नव्हती, डोकं चालत नव्हतं. पट्ट्यावर माल ठेवणारी खालती झुहरा, म्हणजे आमची झुहरामावशी, चहाची किटली घेऊन आली.

"घे. सकाळीच भरून ठेवलेल्या पाण्याचा आहे."

"म्हणजे?"

"दुपारच्या पाण्याचा चहा तोंडात धरवतो का? खारट घाण नुसती."

मी ग्लास खाली ठेवला. "दुपारी पाणी वेगळं असतं?"

"अगं, जूनपासून नगरपालिकेचं पाणी तोडतात ना. टाकी दुपारपर्यंत पुरते, मग विहिरीचा पंप लावतात. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी घरून बाटली आणते. आणि प्रयोगशाळेत सगळी माती मी शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवली होती, कारण यंत्राच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं.

मी विहिरीचं पाणी आणून त्यात माती भिजवली आणि मोजलं. शोषण दुपटीहून जास्त. म्हणजे खारट पाणी लहरी वरच्या थरातच गिळून टाकत होतं, आत पोचूच देत नव्हतं. काठ तापून आकसायचा आणि पोट ओलंच राहायचं. मग तडकणार नाही तर काय. मी ते आकडे तीनदा मोजले. चूक निघावी अशी आशा होती.

सी तिजानींच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "पंपाचं मीच सांगितलं होतं. कारखाना बंद ठेवू का?"

"मला कोणी सांगितलं असतं तर..."

"तू विचारलंस का?"



पाणी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मी वाट काढली. दुपारचा माल आधी एक दिवस गरम हवेत ठेवायचा, अर्धा ओलावा गेला की कमी ताकदीवर बोगद्यात. पहिल्या खेपेच्या चाळीसपैकी एकोणचाळीस धड निघाली. सी तिजानींनी पाठ थोपटली. मी लगेच म्हणाले, "आता अम्म लामीनना परत ओतकामावर घ्या. अहवाल चुकीचा होता. मी लिहून देते."

"विसाम शिकतोय आता. आणि लामीनचं वय झालंय, आवारातलं काम हलकं आहे."

"त्यांना हलकं काम नकोय."

"तो काही बोलला का तुला?"

मी आवारात गेले. अम्म लामीन फुटक्या बेसिनांचे तुकडे ढिगावर टाकत होते. मी त्यांना पाण्याचं सगळं सांगितलं, आकड्यांसकट, आणि माफी मागितली. 

"म्हणजे घोळ वेगळाच होता," ते म्हणाले.

"हो. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"चारचौघांसमोर बोललीस ते मनाला लागलं. काम गेल्याचं वाईट नंतर वाटलं." त्यांनी एक मोठा तुकडा उचलून ढिगावर ठेवला. "मालकाला सांगितलंस?"

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"मग आता कळलं असेल तुला कसं वाटतं ते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी ओतकामाच्या दालनात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझ्या तक्त्याची होती, अम्म लामीनची नव्हती. आधी हसला होता तो आता खाली बघत होता. विसाम कानाला फोन लावून बाहेर गेला.

सप्टेंबर संपत आला. नवा तक्ता भिंतीवर लागलाय, बोगदा चालतोय. अम्म लामीन अजून आवारातच आहेत; त्यांना परत ओतकामावर कधी घेणार, ते दर सोमवारी मी सी तिजानींना विचारते. या सोमवारीही विचारलं. त्यांनी फायलीतून मान वर न करता "बघू" म्हटलं.

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले.