थेंबरावांचा पूर

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. धरणावर सगळे त्यांना थेंबराव म्हणत. धरणाचे तीन दरवाजे उघडण्या-मिटण्याचं काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. या एकतीस वर्षांत नदीत एक थेंब जास्त गेला नाही की कमी गेला नाही, हे ते स्वतःच इतक्या वेळा सांगत की ते नाव चिकटायला फार दिवस लागले नाहीत. खालच्या पुलाच्या खांबावर त्यांनी आपल्या हाताने लाल रेघ मारली होती. वरून कितीही लोंढा आला तरी धरणाचं तळं तो पोटात घ्यायचं, आणि खाली पाणी त्या रेघेला धरून शहाण्यासारखं वाहायचं.

आणि हे काही सोपं काम नव्हतं, बरं का. बटण दाबून धरलं की दरवाजा चढतो, सोडलं की थांबतो, एवढंच यंत्र. पण कुठे सोडायचं हे थेंबरावांच्या अंगठ्याला ठाऊक होतं. दरवाजा चार बोटं चढवायचा, खुर्चीत बसून पाण्याचा आवाज ऐकायचा, मग पुन्हा चार बोटं. पाणी मोजणारा काटा बघायच्या आधी ते आकडा सांगत आणि काटा मुकाट्याने तोच आकडा दाखवी. असा माणूस दुसऱ्या कुठल्याही कामात गाजला असता; इथे त्याचं कौतुक करायला तीन दरवाजे आणि एक बायको एवढंच होतं.

बायकोने त्या कौतुकाचं मळ्यात रूपांतर केलं होतं. नदी रेघेवरून हलत नाही म्हटल्यावर क्वार्टरच्या खाली, अगदी पाण्याच्या काठाशी साचलेल्या गाळात तिने एकोणीस वर्षांपूर्वी पहिला वेल लावला. आता तिथे भोपळे होते, काकड्या होत्या, घेवड्याचा मांडव होता, टोमॅटो होते. थेंबराव रोज संध्याकाळी मांडवाखाली बसत आणि हे सगळं आपल्या अंगठ्याच्या जोरावर उभं आहे, या विचाराने त्यांची छाती नकळत दोन इंच फुगे.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना मासेबाई आल्या. या नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या बाई. गुडघाभर पाण्यात दिवस दिवस वाकून उभ्या राहत. त्यांनी पिशवीतून एक दगड काढला आणि थेंबरावांच्या टेबलावर, कागद पसरून, ठेवला. दगडाला शेवाळाचं बोटभर जाड, बुळबुळीत आवरण होतं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. नदीत ठिपक्या नावाचा छोटा मासा आहे. तो अंडी घालतो ती गोट्यांच्या फटीत, जिथून स्वच्छ पाणी खेळतं तिथे. पूर्वी वर्षातून एकदा पूर यायचा, गोटे उलटेपालटे व्हायचे, गाळ निघून जायचा, काठावरची झुडपं उपटली जायची आणि सगळ्यांना नव्याने जागा मिळायची. आता पूर नाही, म्हणून गाळ बसला, फटी बुजल्या. एकच शेवाळ नदीभर माजलं आणि बाकीच्यांना हुसकून बसलं. रोज पूर आला तर कोणीच टिकणार नाही, पण कधीच आला नाही तरी नाही. गेल्या वर्षी त्यांना चाळीस ठिपक्या मासे दिसले होते. या वर्षी अकरा.

"नदी आजारी आहे असं म्हणताय?" थेंबरावांनी विचारलं.

"तुमच्या कामात खोट नाही," मासेबाई म्हणाल्या. "इतकं नेमकं पाणी मी कुठेच पाहिलं नाही. पण तिला वर्षातून एक दिवस कोणीतरी धसमुसळेपणा करणारं हवंय."

त्या रात्री थेंबरावांना जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जे सांभाळलं, त्यानेच अकरा मासे उरले, हे घशाखाली उतरण्यासारखं नव्हतंच. पण दगड टेबलावर होता आणि दगडाशी वाद घालता येत नाही.

वरच्या साहेबांनी एका दिवसाची परवानगी दिली. तळ्याची पातळी दोन हात उतरेल एवढंच पाणी सोडायचं, त्यापुढे एक थेंब नाही, आणि पुन्हा मागायचं तर पुढच्या वर्षी. अकरा मासे पुढच्या वर्षापर्यंत राहतील याची खात्री मासेबाईंना नव्हती. खालच्या वस्त्यांना आठवडाभर आधी कळवलं, संध्याकाळपर्यंत नदीकाठ रिकामा ठेवला. मासेबाईंनी तीस गोटे भगव्या रंगाने रंगवून नदीच्या तळाशी ओळीने मांडले. पाण्यात जोर असेल तर ते हलतील.

सकाळी भोंगा झाला. थेंबरावांनी बटणावर अंगठा ठेवला. दरवाजा चार बोटं चढला आणि अंगठा सुटला. ते खुर्चीत बसले, त्यांनी आवाज ऐकला. मग पुन्हा चार बोटं. खिडकीतून खाली घेवड्याचा मांडव दिसत होता. त्यांनी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते सारखे तिकडेच पाहत होते. दुपारपर्यंत तळं एक हात उतरलं. नदी फुगली खरी, पण पाहुण्याने दारातच चपला काढाव्यात तशी अदबीने. लाल रेघ वीतभर पाण्याखाली गेली. मळ्याच्या बांधाला पाणी लागलंही नाही.

मासेबाई ओल्याचिंब होऊन वर आल्या. नदीत काठाकाठाने दोर धरून जाऊन त्यांनी गोटे पाहिले होते. तीसपैकी तीस जागच्या जागी होते. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि त्यानेच थेंबरावांना जास्त लागलं.

"हात धजला नाही बाई," ते म्हणाले. "अर्धं पाणी मी वाया घालवलं."

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिने दोघांचे चेहरे पाहिले, मग खिडकीतून खाली पाहिलं आणि डबा टेबलावर ठेवला.

"अहो, मळ्यासाठी थांबलात?"

थेंबरावांची नजर पुन्हा मांडवाकडे गेली.

"उजाडताच सगळं उतरवून ठेवलंय मी. भोपळे, काकड्या, घेवडा, कच्चे टोमॅटोसुद्धा. बी वेगळं काढलं. घरात पाय ठेवायला जागा नाही. खाली आता नुसती पानं आहेत."

"मला सांगितलं नाहीस."

"विचारलंत कुठे? मला वाटलं, तुम्ही म्हणालात पूर, म्हणजे पूर."

थेंबराव तिच्याकडे बघतच राहिले. एकोणीस वर्षांचा मळा तिने एका सकाळी, कुरकुर न करता, रिकामा केला होता, आणि ते इथे बसून पानांची राखण करत होते. एवढी लाज त्यांना एकतीस वर्षांत वाटली नव्हती, आणि एवढा अभिमानही. त्यांनी खाली काठावर पहारा देणाऱ्या माणसांना फोन करून काठ रिकामा असल्याची खात्री केली, भोंगा तीनदा वाजवला आणि अंगठा बटणावर ठेवला.

चार बोटं झाली. अंगठा सुटू लागला. त्यांनी दुसरा हात त्यावर दाबला आणि तोंड फिरवून बायकोकडे पाहत राहिले.

दरवाजा चढत गेला. मग दुसरा, मग तिसरा. आधी खोलीच्या काचा थरथरल्या, मग डब्याचं झाकण. खाली पाणी पांढरं होऊन उसळलं, तपकिरी झालं आणि वळणावर जाऊन आपटलं. तळाशी गोटे गडगडत होते आणि तो आवाज पायांतून वर येत होता. असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो त्यांना ओळखीचा वाटला. झुडपं मुळासकट निघाली. घेवड्याचा मांडव उभाच्या उभा थोडा चालत गेला, मग वाकला आणि दिसेनासा झाला. बायकोने काचेवर तळवा टेकवला होता. "काय देखणी आहे हो," ती म्हणाली.

तळं बरोबर दोन हात उतरलं तेव्हा दरवाजे बंद होते. काटा बघायच्या आधी त्यांनी आकडा सांगितला होता.

तीस गोट्यांपैकी दोनच जागेवर सापडले. मासेबाईंना चार तर पुलाच्याही पलीकडे मिळाले आणि त्या ते सगळ्यांना दाखवत फिरल्या. पुलाच्या खांबावरची लाल रेघ खरवडून गेली होती.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात बायकोने थेंबरावांना खाली हाक मारली. मळ्याच्या जागी आता धुतलेल्या गोट्यांचा उतार होता आणि त्यावरून पोटरीभर पाणी खेळत होतं. मांडवाचा खांब जिथे रोवलेला होता, साधारण तिथेच ती वाकून उभी होती. थेंबराव गुडघ्यांवर बसले. दोन गोट्यांच्या फटीत साबुदाण्याहून लहान, पिवळसर मण्यांचा पुंजका चिकटला होता, आणि प्रत्येक मण्यात एक काळा ठिपका हलत होता. ते मोजू लागले. साठाच्या पुढे डोळ्यांत पाणी आलं आणि मोजणी चुकली.

"अहो, जरा सरका," बायको हळूच म्हणाली. "सावली पडतेय त्यांच्यावर."

ते सरकले आणि पुन्हा एकपासून मोजू लागले.