कोपराचं बटण

पाळणाघरात बाळं अकरा आणि मावशींचे हात दोन. कोणाला किती वाजता दूध द्यायचं ते भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं. ती पाटी उतरवायचीच, असा चंग बांधला होता त्यातल्या एका बाळाच्या आईनं, म्हणजे चिमणीच्या आईनं.

त्याला कारणही तसंच होतं. चिमणी होण्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. तिथे परत गेली, तर घरी येईपर्यंत लेक झोपलेली असणार. म्हणून चार महिने, चिमणी झोपली की तेवढ्या वेळात, ती सॉफ्टवेअर शिकली. कॉम्प्युटरला काम कसं समजावून सांगायचं ते. शिकवणाऱ्या मॅडमची अट एकच होती. "तुमचा प्रोग्रॅम खऱ्या माणसानं, खऱ्या कामाला, एक अख्खा दिवस वापरला पाहिजे. मुदत शुक्रवारपर्यंत. जमलं तर आमच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची नोकरी."

अर्धा दिवस नोकरी म्हणजे अर्धा दिवस चिमणी. नाहीतर सोमवारपासून शिवणयंत्र.

बुधवारी सकाळी तिनं जुना टॅब्लेट मावशींच्या टेबलावर ठेवला. त्यात होता घरी चिमणीच्या दुधावर पंधरा दिवस तपासलेला प्रोग्रॅम; एकदाही चुकला नव्हता.

"वेळ झाली की हा स्वतःहून सांगेल, मावशी."

"सांगू दे गं. माझं ऐकणारं इथे कोणी नाहीच, निदान मला सांगणारं तरी असू दे."

दहा वाजता टॅब्लेटनं सांगितलं. खणखणीत घंटा वाजवून सांगितलं. दूध हवं होतं एकट्या ढब्बूला, जागी झाली सातजणं. एकानं सूर लावला आणि बाकीच्यांनी तो उचलून धरला. मावशींनी टॅब्लेट कपाटात कोंबला, वर तीन दुपटी दाबली आणि खडू हातात घेतला.

"तुझी एकटी आहे. भूक लागली की ती जागीच असते, मग घंटा वाजली काय न वाजली काय! इथे एक जेवतो तेव्हा सात झोपलेले असतात."

तिनं बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला.

"प्रोग्रॅम बरोबर आहे हो, अगदी मिनिटाला मिनिट..."

"असेल. मग मावशींनी खडू का घेतला?"

"घंटेमुळे."

"तेवढंच कशावरून? आज प्रोग्रॅमची एक ओळही लिहू नका. बसा आणि बघा."

चिमणीला मांडीवर घेऊन ती कोपऱ्यात बसली. मावशी पाटीजवळ फारशा जातच नव्हत्या. एक बाळ कडेवर, एक पायांवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून नुसती मान वळवायच्या. आणि दूध पाजून झालं की वेळ पुसायला हात रिकामा असायचाच कुठे? त्या कोपरानं पुसायच्या. बाह्या वर सारलेल्या, उजवं कोपर खडूनं पांढरंफटक. लेकीला सवय व्हावी म्हणून इतके दिवस तास-दोन तास सोडायला-न्यायला येऊनही तिला ते दिसलंच नव्हतं.

गुरुवारी ती पदर खोचून कामाला लागली. घंटा काढली. नावं लांबून दिसतील एवढी मोठी केली, वेळ झालेलं नाव सगळ्यात वर, लालभडक. 'पाजलं'चं बटण बोटाएवढं होतं, ते बशीएवढं केलं. मग ते स्वतःच्या कोपरानं दाबून पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. कोपर दोनदा टेकलं की पुढचं बाळ उपाशी असूनही 'पाजलं' म्हणून नोंदलं जात होतं! एकदा दाबल्यावर पाच सेकंद बटणानं दाद द्यायची नाही, अशी तिनं तजवीज केली. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"टॅब्लेटशी मारामारी चाललीय का?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. आणि मीच जिंकणार."

शुक्रवारी टॅब्लेट पाटीशेजारी खिळ्याला टांगला. दहा वाजता ढब्बूचं नाव गुपचूप लाल झालं. मावशींनी लांबून मान वळवली, बाटली घेतली. नंतर जाता जाता कोपर मारलं. खोलीत एकही बाळ जागं झालं नाही.

दोन वाजता मावशी पाटीपाशी गेल्या. चिमणीच्या आईनं मान उंचावून पाहिलं. मावशींनी पाटी खिळ्यावरून काढली, नुकत्याच बसायला लागलेल्या एकीसमोर ठेवली आणि खडू तिच्या मुठीत दिला. "घे, गिरगट. आता तुझीच."

चिमणीच्या आईनं मॅडमना फोन लावला.

"उतरली पाटी?"

"उतरली," ती कुजबुजली, मांडीवर चिमणी झोपली होती. "पण दिवस संपायला अजून तीन तास आहेत, मॅडम. मी इथेच बसलेय. बघतेय."