सीलबंद बरणी

सत्य आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना, असं तात्या राजाध्यक्ष गंभीरपणे सांगत. त्यांचं स्वतःचं नाक मात्र चाळीस वर्षांच्या तपकिरीने कामातून गेलं होतं. दूध करपलं तरी ते त्यांना सुनेच्या ओरडण्यावरूनच कळायचं.

त्यामुळे दादरच्या त्या तीन खोल्यांना रंग काढायचं ठरलं, तेव्हा तात्या अस्वस्थ झाले. नात आरोही सात वर्षांची आणि दम्याची. गेल्या साली शेजाऱ्यांनी नुसती दारं रंगवली, तर इथे हिला वाफ द्यायला हॉस्पिटल गाठावं लागलं. डॉक्टरांनी या वेळी बजावलं होतं, पाण्यात कालवायचा बिनवासाचा रंग लावा आणि वास पुरता जाईपर्यंत मुलीला घरात आणू नका. आरोहीची रवानगी शीवला मावशीकडे झाली. जाताना तिने तात्यांकडून वचन घेतलं, गणपती यायच्या आत ती परत येणार आणि उंदरापुढचा मोदक तीच ठेवणार.

रंगारी लवू चिंचपोकळीचा. घासण्याआधी भिंत ओली करायचा, धूळ उडू नये म्हणून. मनू मांजर ओल्या रंगाला अंग घासेल म्हणून तिला आधी स्वयंपाकघरात कोंडायचा. तात्यांना नेमका याचाच संशय आला.

"इतका शहाणा रंगारी मी जन्मात पाहिला नाही," ते सुनेला म्हणाले.

"तात्या, त्याने डबा आपल्यासमोर फोडला," कालिंदी म्हणाली.

"फोडला गं. आत काय होतं ते त्या डब्यालाच ठाऊक."

तात्यांची बत्तीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेच्या नमुना विभागात गेली होती. आलेल्या बाटलीच्या तोंडाला फडकं बांधायचं, गाठीवर लाख ओतायची, लेबलावर तारीख घालून सही ठोकायची. बाटलीत पुढे काय निघालं, हे त्यांना कुणी कधीच कळवलं नाही.

तिसऱ्या दिवशी लवू गॅलरीची जाळी रंगवत होता. लोखंडाला ऑइलपेंटच लागतो, तो बाहेरच्या बाहेर वाळेल, असं त्याने आधीच सांगितलं होतं. शेजारी टर्पेंटाइनची बाटली होती. जाळीला चालतं ते याने भिंतीत कशावरून घातलं नसेल? लवू चहाला खाली उतरताच तात्यांनी लोणच्याची रिकामी बरणी आणली, टर्पेंटाइन तिच्यात ओतलं, वर फडक्याचा दादरा बांधला, लाखेचा ठिपका दिला आणि लेबल चिकटवून सही ठोकली. झाकण होतं, पण झाकणाला सील लागत नाही. मग कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी, म्हणजे आरोहीच्या खोलीतल्या कपाटात, तिच्या फ्रॉकांमागे, त्यांनी पुरावा ठेवून दिला.

"काका, माझं टर्पेंटाइन कुठं गेलं?" लवूने येऊन विचारलं.

"उडून गेलं असेल. उडतं ते."

भिंती झाल्या. हॉलमध्ये वास नाही, स्वयंपाकघरात नाही. आरोहीच्या खोलीत मात्र कालिंदीचं डोकं चढायला लागलं. मनू उंबऱ्यापर्यंत यायची, नाक मुरडायची आणि परत फिरायची. तात्या खूश झाले.

रोज संध्याकाळी शीवहून फोन. "तात्या, वास गेला?"

"तपास चालू आहे, बाळा."

लवू बिचारा रडकुंडीला आला. "आयशप्पथ काका, सगळीकडं एकच रंग मारलाय. हॉलात नाय, मग हिकडंच कसा वास?"

"तेच मी तुला विचारतोय!"

चार दिवस खिडक्या सताड उघड्या, पंखा फुल. लवूने नवा डबा कालिंदीला हुंगायला देऊन खोलीत आणखी एक हात मारला. वास जागचा हलला नाही. गणपती परवावर आले. "आरोही यंदा तिकडेच राहू दे," कालिंदी नवऱ्याला म्हणाली. शंतनूने मान डोलावली.

हे ऐकलं आणि तात्या उठले. त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, लवूलाही. "आता पुरावाच बघा," म्हणत त्यांनी कपाटाचं दार उघडलं.

कालिंदीने ओढणी नाकाला लावली. शंतनूला ठसका लागला. उंबऱ्यावरची मनू पसार झाली.

"बघा!" तात्या गरजले. "नमुन्याला एवढा, तर भिंतीला किती असेल!"

लवूने फ्रॉक बाजूला सारले आणि बरणी बाहेर काढली. "काका, हे माझं टर्पेंटाइन."

"कबूल?"

"कबूल. पण हे हिथं कधी ठेवलंत?"

तात्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. तारीख, वार, वेळ, सगळं व्यवस्थित होतं.

"त्याच दिवसापासून वास येतोय, तात्या," कालिंदी हळूच म्हणाली.

बरणी गॅलरीत गेली, फ्रॉक धुवायला पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनू आरोहीच्या गादीवर पसरून झोपली होती. कालिंदीने चारही कोपरे हुंगले. तेवढ्यात फोन वाजला.

"तात्या, वास गेला?"

तात्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "आईला विचार."

"ये गं," कालिंदी म्हणाली, "मोदक वाट बघतायत."

तात्या गॅलरीत जाऊन बरणीपाशी उभे राहिले. सील शाबूत होतं. बरणी अर्धी झाली होती.