तीनशे अकरा वेळा मोलिनोत

मित्रांनो, माझ्या अंगावर तीनशे अकरा ठिकाणी एकच नाव खोडलेलं आहे. मोलिनोत. आणि खोडलेल्या प्रत्येक नावाच्या डोक्यावर, दाटीवाटीनं, दुसरं नाव लिहिलेलं आहे. मला चाळणारी माणसं कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात, काय बाई ही गिचमिड! त्यांना काय ठाऊक, माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या हातून एकच मोठं काम झालं आणि ते म्हणजे ही गिचमिड. मी अळंब्यांची वही आहे. आता पुष्कळ म्हातारी झाले आहे, आणि आज मला बोलायची लहर आली आहे.

डोंगराखालच्या शहरात एका बांधणीवाल्याच्या दुकानात मी जन्मले. जाड पानं, दोऱ्यानं शिवलेली पाठ, वर मेणकापडाचं हिरवं पांघरूण. दिसायला मी बरी होते, खोटं कशाला बोलू? फळीवर बसल्या बसल्या मला वाटायचं, कुणीतरी माझ्यात कविता लिहील. पण मला उचललं ते वाल्देरा गावच्या टपालवाल्या बाईनं. तिचं नाव रेमेई. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं, मेणकापडावर थुंकी लावून बोट घासलं आणि म्हणाली, "भिजणार नाही ना? मग चालेल." झालं, माझ्या कविता तिथंच संपल्या.

रेमेई सकाळी पत्रं वाटायची. उन्हाळा ओसरून पहिला पाऊस पडून गेला, की दुपारी तिचे पाय आपोआप रानाकडे वळायचे. कोटाच्या आतल्या खिशात मी, हातात वेताची टोपली, आणि खाऊ म्हणून टोमॅटो चोळलेल्या पावाचे दोन तुकडे. खिशातून मला काही दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. पानांवर टपटपणारं धुकं ऐकू यायचं. रेमेई वाकली की तिच्या गुडघ्याचा कटकन आवाज व्हायचा, आणि मला कळायचं, काहीतरी सापडलं! मग मी बाहेर यायचे. समोर ओकची काळी ओली झाडं, त्यांच्या बुंध्याशी शेवाळाची गादी, आणि गादीवर एखादी केशरी, एखादी जांभळी, एखादी इवलीशी कापसासारखी अळंबी. रेमेई जिभेवर पेन्सिल टेकवून लिहायची: तारीख, झाड, रंग, चिरल्यावर निघणारा चीक आणि वास. वासाच्या बाबतीत ती फार चोखंदळ होती. "ओल्या पिठाचा", "बडीशेपेचा", "आत्याच्या कपाटाचा" असंसुद्धा माझ्यात लिहिलेलं आहे.

घरी गेल्यावर ती एखाद्या अळंबीची टोपी कापून माझ्या कोऱ्या पानावर पालथी ठेवायची आणि वर काचेचा पेला झाकायची. दुसऱ्या दिवशी पेला उचलला, की पानावर मऊ धुळीची नक्षी उमटलेली असायची. तपकिरी, गुलाबी, कधी पांढरीशुभ्र, अगदी बघत राहावी अशी. ती धूळ म्हणजे अळंबीचं बी. त्यामुळे माझ्या पोटात अर्धं रान निजलेलं आहे असं समजा. उन्हाळाभर मी कपाटात पडून असायचे, आणि त्या धुळीमुळेच की काय, मला सारखी स्वप्नं पडायची. माझ्या पानांना मुळं फुटली आहेत, शिवणीतून शेवाळ उगवतं आहे, आणि कुणीतरी दूरवर गुडघे वाजवत मला शोधत येतं आहे.

आता मला लाज वाटते ती गोष्ट सांगते.

रेमेईचे वडील किर्झे हे जुने कोळसेवाले. रानात ओकची लाकडं रचून, मातीनं झाकून कोळसा पाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अळंब्या कुठं उगवतात हे त्यांना तळहाताच्या रेषांसारखं पाठ होतं, आणि ते कुणालाही न सांगणं हा आमच्या डोंगरातला धर्मच. इथं लोक एकमेकांना घराची किल्ली देतात, पण अळंबीची जागा देत नाहीत. बाप पोराला सांगतो तीसुद्धा शेवटच्या आजारपणात. रेमेई एकुलती एक म्हणून तिला जरा आधी कळली, एवढंच. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा किर्झे म्हणाले,

"रंग लिही, वास लिही, काय पाहिजे ते लिही. पण जागा लिहिलीस तर याद राख. पाद्र्याला सांगायची नाही ती गोष्ट वहीला सांगतेस?"

"बाबा, जागा नसेल तर शहरातलं मंडळ नोंद घेत नाही."

"मग शेजारची लिही! त्यांना कुठं चढून बघायचंय?"

शहरात अळंब्यांची नोंद ठेवणारं एक मंडळ होतं. दर सोमवारी संध्याकाळी माणसं टोपल्या घेऊन तिथं जमत. त्याची कारभारीण फेलीसा, औषधाच्या दुकानाची मालकीण. तिचा कायदा कडक होता. रेमेईनं तिचाही मान ठेवला आणि बापाचाही. आमच्या सगळ्या अळंब्या सापडायच्या ओबागा नावाच्या सावलीच्या उतारावर, जिथं कधी कुऱ्हाड लागली नाही असे जुने ओक होते. आणि माझ्यात लिहिलं जायचं, 'मोलिनोत'. मोलिनोत म्हणजे पलीकडचा उतार, लागवडीच्या पाइन झाडांचा, मधूनमधून एखादा ओक, एरवी कोरडा ठणठणीत. चोवीस वर्षं माझ्यात बाकी सगळं खरं लिहिलं गेलं आणि तेवढा एक शब्द खोटा. मला वाटायचं, एका शब्दानं काय होतंय?

माझ्यातली सर्वांत मानाची नोंद पांढऱ्या दाढीची. ही अळंबी छत्रीसारखी नसतेच. ती म्हाताऱ्या ओकच्या बुंध्यावर लोंबते, वाळत घातलेल्या शेवयांसारखी, दुधासारखी पांढरी. ती लागायला झाड आधी शंभर-दोनशे वर्षं जगावं लागतं. त्या नोंदीमुळे मंडळात माझं कौतुक व्हायचं. फेलीसा मला दोन्ही हातांनी धरायची आणि नव्या माणसांना म्हणायची, "वही असावी तर अशी." तेव्हा माझं मेणकापड अगदी फुलून यायचं.

पंचविसाव्या वर्षी, चेस्टनट भाजायच्या दिवसांत, आम्ही नेहमीप्रमाणे सोमवारी मंडळात गेलो. फेलीसानं गोड वाइनचे पेले भरले होते आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"ऐका, ऐका! आपल्या डोंगरात जंगलतोड होणार हे तुम्हाला माहीत आहे. जंगल कचेरीनं आपल्याला विचारलं होतं, मोलिनोत तोडू की ओबागा? मी नोंदी मोजल्या. मोलिनोत तीनशे अकरा, सगळ्या रेमेईच्या. ओबागा शून्य! दिलं पत्र पाठवून. मोलिनोत वाचलं, मंडळी! पुढच्या सोमवारपासून ओबागावर करवत चालेल. झाडांना लाल खुणा करूनसुद्धा झाल्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रेमेईच्या पाठीवर थाप मारली. तिच्या हातातला सोललेला चेस्टनट तसाच राहिला. मी तिच्या मांडीवर होते, आणि तिनं मला दोन्ही हातांनी झाकून टाकलं. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या शब्दाची किंमत कळली. मी एका रानाला मरायला पाठवलं होतं.

रेमेईनं मला कोटात घातलं आणि ती तशीच घरी आली. खरं सांगावं तर बापाची जागा चव्हाट्यावर येणार. न सांगावं तर जागाच राहणार नाही. दोन दिवस तिनं पत्रं भलत्याच घरांत टाकली. तिसऱ्या दिवशी, चुलीशी अळंब्या पुसता पुसता, तिनं बापाला सांगून टाकलं.

किर्झे भडकले. "तोडू देत! माझ्या बापानं मला ती मरताना सांगितली. गावाला दाखवण्यापेक्षा गेलेली बरी!"

"बाबा, गेली तर मग लपवायचं तरी काय?"

यावर ते उठून आत गेले. जेवलेही नाहीत. पण सकाळी उजाडलं तेव्हा एकोणनव्वद वर्षांचा तो म्हातारा रानाचे बूट चढवून दारात बसला होता.

"बघतेस काय अशी? चल, दाखवून टाकू एकदाचं."

दोघं तडक शहरात फेलीसाच्या दुकानात गेली. तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला टेबलावर ठेवलं, एरवीसारखं दोन्ही हातांनी नाही, तर दोन बोटांनी. "चोवीस वर्षं, रेमेई! मी तुझ्या वहीच्या शपथा खायची गं. आता यातलं खरं कोणतं नि खोटं कोणतं, मी कसं ओळखू?"

"जागा सोडून सगळं खरं आहे."

"म्हणायला काय जातंय!"

मला वाटलं, आपली शिवण उसवावी आणि पानं वाऱ्यावर उडून जावीत. जंगल कचेरीचे साहेब तर हसलेच. "काल तिथं होतं, आज इथं आहे, उद्या आणखी कुठं? शनिवारी येतो. ती पांढरी दाढी मला डोळ्यांनी दाखवा. नाही दिसली, तर सोमवारी काम सुरू."

शनिवारी धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या माणसाची टोपलीसुद्धा दिसत नव्हती. सगळ्यांत पुढे काठी टेकत किर्झे, मग रेमेई, साहेब, फेलीसा आणि मंडळाची सतरा माणसं. बराच वेळ चाललो तरी ओबागा येईना. शेवटी रेमेई हळूच म्हणाली, "बाबा, हाच ओढा आपण आत्ता ओलांडला होता ना?"

"काय करू पोरी, सरळ जायची पायांना सवय नाही," म्हातारा ओशाळून म्हणाला. लोकांना चकवत फिरण्यात त्याचा जन्म गेला होता. मग मात्र त्यानं वाट धरली.

ओबागाच्या तोंडाशीच लाल खुणा केलेले ओक उभे होते. रेमेई आपल्या झाडाकडे धावली. चोवीस वर्षं जिथं दाढी लोंबायची, तिथं बुंध्यावर नुसती ओली साल होती. त्या वर्षी पाऊस कमी पडला होता. रेमेई झाडाभोवती फिरली, पुन्हा फिरली. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. फेलीसा दुसरीकडे बघत राहिली. रेमेईनं मला छातीशी इतकं घट्ट धरलं, की मला तिच्या काळजाचे ठोके मोजता आले.

किर्झे खोल श्वास घेऊन म्हणाले, "या माझ्या मागून."

ते झाडीत शिरले, एका कपारीतून वाकून पलीकडे उतरले. तिथं रेमेईसुद्धा कधी गेली नव्हती. खाली एक प्रचंड ओक आडवा पडला होता, कोणत्या वादळात कोण जाणे. आणि त्याच्या अंगावर एक नाही, दोन नाही, सात पांढऱ्या दाढ्या धुक्यात लोंबत होत्या. मला वाटलं मी कपाटातच आहे आणि हे माझं स्वप्न आहे.

"बाबा!" रेमेईला धड रडू येईना की हसू. "ही जागा मला कधी सांगितली नाहीत!"

"मेल्यावर सांगणार होतो."

"मेल्यावर कसं सांगणार होतात?"

"तेच तर," किर्झे म्हणाले, आणि सगळ्या रानात हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. मग टोपी काढून ते बराच वेळ त्या ओकपाशी उभे राहिले.

फेलीसानं पेन्सिल पुढे केली. रेमेईनं मला बापाच्या पाठीवर टेकवून उघडलं आणि लिहिलं: ओबागा. चोवीस वर्षांत माझ्यात पहिल्यांदा खरी जागा लिहिली गेली. मित्रांनो, ती तीन अक्षरं लिहिताना पेन्सिल कागदात रुतत होती, आणि मला ते फार बरं वाटत होतं. मग हिवाळाभर त्या दोघी औषधाच्या दुकानात शेजारी बसून एकेक 'मोलिनोत' खोडत राहिल्या. सुरुवातीला फेलीसा नुसतंच बघायची. विसाव्या पानावर ती म्हणाली, "अगं, हा आत्याच्या कपाटाचा वास म्हणजे कसला?" आणि मला कळलं, राग गेला.

ओबागावर करवत चालली नाही, ती मोलिनोतच्या पाइनवर चालली. पण सगळंच गोड झालं असं मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी पावसानंतर डोंगराच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली. अनोळखी माणसं, रंगीत टोपल्या, आणि ओबागाचं शेवाळ जागोजाग तुडवलेलं. रेमेई रिकाम्या टोपलीनं परत आली आणि खिडकीशी बसलेल्या बापासमोर हमसून हमसून रडली. "आपली जागा गेली हो, बाबा."

किर्झेंनी खिडकीतून वर पाहिलं. झाडांचे शेंडे धुक्यातून बाहेर आले होते.

"आपली होती ती गेली," ते म्हणाले. "जागा आहे."

नंतर मंडळातली माणसं शनिवारी ओबागाच्या वाटेवर उभी राहू लागली. अळंबी हळू कापा, शेवाळ उपटू नका, पडलेलं लाकूड हलवू नका, असं येणाऱ्याला सांगू लागली. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. मी मंडळाच्या कपाटात आहे. कोपरे कुरतडलेत, चार पानं सुटलीत, आणि पुष्कळदा वर्षवर्ष कुणी मला उघडतही नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी रानात जाल. काही नवं दिसलं तर तोडायच्या आधी लिहा. तारीख लिहा, झाड लिहा, वास लिहा, वास हसण्यासारखा असला तरी लिहा. आणि जागा खरी लिहा. लिहून मग त्या जागेची राखण करा, कारण एकट्याचं गुपित होतं तोवर ती एकट्यानं जपली, आता ती सगळ्यांनी जपायची आहे. मी वही आहे, मला चालता येत नाही.