सकाळी सातची खाडी

माझी धाकटी बहीण मृणालिनी होडी वल्हवायला तीन सकाळींत शिकली, असे ती घरी सर्वांना सांगत असे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा सहायक असल्यामुळे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मत देत नव्हतो.

चित्रपटात ती कोळीण होणार होती. गोराईच्या खाडीत मुखाकडून आतल्या धक्क्यापर्यंत तिने एकटीने होडी न्यायची. दिग्दर्शक मार्तंडरावांची अट स्पष्ट होती: जमले तर तिचा चेहरा दिसेल, न जमल्यास अनंत नावाचा कसरतपटू लुगडे नेसून पाठमोरा वल्हवेल. हा प्रसंग वगळता तिच्या वाट्याला दोन वाक्ये होती.

शिकवायला गोराईचीच कोळीण मोनिका होती. शनिवार, रविवार, सोमवार, रोज सकाळी सातला. कारण पुढच्या शनिवारी चित्रीकरणही सातलाच होते. मृणालिनी सात-आठ मिनिटांत धक्का गाठत असे.

शुक्रवारी मला उमगले की भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आठवड्यात जवळजवळ सहा तास. ज्या पाण्याने तिला आत ढकलले होते, तेच उद्या बाहेर लोटणार होते.

सकाळी मी हे खाडीवर सर्वांना समजावून सांगितले.

"तेरसेला शिकवलं, आज पंचमी," मोनिका म्हणाली. "ओहोटी असणारच. त्याला कॉलेज कशाला पाहिजे?"

"मग आधी सांगायचं ना!" मृणालिनी ओरडली.

"मला तीन दिवस शिकवायला सांगितलं, बाय. शूटिंग कधी ते कोण बोललं?"

मार्तंडराव थांबायला तयार नव्हते. ऊन चढले की पाण्यावरचा प्रकाश बिघडतो. "अनंत, लुगडं नेस."

"नेसलोय, साहेब. तासभर झाला."

तोवर मृणालिनी होडीत जाऊन बसली होती. "दादा, अशक्य आहे का?"

"अशक्य नाही. फार दमशील."

"मधे जाऊ नको गं!" मोनिकाने हाक दिली. "काठाकाठाने जा, तिथे ओढ कमी!"

हे खरे तर मी सांगायला हवे होते.

होडी सरकू लागली, पण बोटाबोटाने. आज जिथे कॅमेरा होता, तिथून सरावात ती अर्ध्या मिनिटात निघून जाई. आज ती चार मिनिटे तिथेच होती. आवळलेले दात, सुटलेला अंबाडा, आणि पाण्याला उद्देशून काही शब्द, जे संहितेत नव्हते. मार्तंडराव कॅमेऱ्यामागून हलत नव्हते.

"कट! झकास!" ते ओरडले. "झालं, मृणालिनीबाई, या परत!"

ती थांबली नाही.

"अहो, आता कशाला?" अनंत म्हणाला.

"गप रे," मोनिका म्हणाली. "धक्का अजून लांब आहे."

तेविसाव्या मिनिटाला होडी धक्क्याला लागली. अनंतने काष्टा सावरत गुडघाभर चिखलात उतरून दोर धरला. मोनिकाने मृणालिनीचे तळहात उलटून पाहिले. फोड फुटले होते.

"उद्या ये," ती म्हणाली. "जाळं टाकायला शिकवते."